अंबाडीला पाच बोटं फुटली

त्या वर्षी सुट्टी संपवून जेद्दाला परत निघताना मी बॅगेतली खसखस काढून ठेवली आणि तिच्या जागी अंबाडीचं बी भरलं. सौदीत खसखस चालत नाही, अफूच्या बोंडातली म्हणून विमानतळावर धरतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. जाऊबाई म्हणाल्या, "चमचाभर असू दे गं, अनारशांना होईल. कोण बघतंय?" तर मी त्यांना उभ्या उभ्या सौदीचा कायदा समजावून सांगितला. त्या गप्प झाल्या. गप्प झालेल्या माणसाला आपलं पटलं, असं मला तेव्हा वाटायचं. मग त्यांनीच आणून दिलेली अंबाडीच्या बियांची पुडी मी ब्लाउजच्या घडीत नीट ठेवली. भाजीचं बी, त्यात काय बघायचं.

अंबाडी मी जन्मभर खाल्ली होती. बाजारातून जुड्या आणल्या होत्या, निवडल्या होत्या, शिजवल्या होत्या. पण तिच्या पानाकडे पान म्हणून कधी बघितलं नव्हतं. गांजाचं झाड तर मी बघायचं काही कारणच नव्हतं. त्यामुळे ही दोन पानं एकमेकांसारखी दिसतात, हे माझ्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. आणि ध्यानात आलं ते नेमकं सौदी अरेबियात, माझ्याच बाल्कनीत, झाडं लावून झाल्यावर.

तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, पन्नाशीची होती. आता माझी नात तिच्या बाल्कनीतल्या माना टाकलेल्या रोपांचे फोटो मला पाठवते आणि विचारते, "आजी, काय करू?" तेव्हा मला ती पन्नाशीची बाई आठवते, आणि वाटतं, नात बरी. निदान विचारते तरी.

आम्ही अल अझीझियात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आमचे हे एका बांधकाम कंपनीत पंपांची देखभाल बघत. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचं ते वर्ष पार पडेपर्यंत इथे टिकायचं आणि मग कायमचं परत जायचं, एवढंच आमचं ठरलेलं होतं. फार मोठं काही नव्हतं. पण त्याच सुमारास सरकारने कंपन्यांना रंग वाटले. ज्या कंपनीत सौदी माणसं पुरेशी ती हिरवी, ज्या कंपनीत फारच कमी ती लाल, आणि अधलीमधली ती पिवळी. ह्यांची कंपनी पिवळी निघाली. पिवळ्या कंपनीला जुन्या परदेशी माणसांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून मिळत नसे. हे तिथे चांगलेच जुने. मुलाची परीक्षा उन्हाळ्यात होती आणि ह्यांचा इकामा त्याच्या बराच आधी संपत होता. तोवर कंपनी हिरवी झाली तर राहायचं, नाहीतर खलास, सामान बांधायचं.

काळजी बोलून दाखवायची ह्यांना सवय नव्हती. जेवण कमी झालं, एवढंच. एकदा ताटातला पालक बाजूला सारत म्हणाले, "अंबाडी खाऊन किती वर्षं झाली असतील."

झालं. मी लगेच पुडी सोडली. नवऱ्याचा इकामा माझ्या हातात नव्हता, अंबाडी होती.

बाल्कनी आमच्या इमारतीतल्या सगळ्याच घरांना होती, पण वापरत कुणी नव्हतं. तिथे एसीची बाहेरची यंत्रं आणि डिश अँटेना. मी मात्र लबनचे, म्हणजे तिकडच्या ताकाचे, रिकामे प्लास्टिकचे डबे साठवले होते. ते कापले, नर्सरीतून आणलेली माती भरली, बी पेरलं. डब्यांच्या बुडाला भोकं पाडायची असतात हे मला सुचलं नाही. उलट पाणी गळून फरशी खराब होत नाही, हे बघून मला स्वतःच्या नीटनेटकेपणाचं कौतुक वाटलं.

बी उगवलं मात्र पटकन. दोन-दोन गुबगुबीत पानं वर आली. त्यानंतर मी त्यांची जी सेवा सुरू केली, तिला तोड नव्हती. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी ह्यांची गाडी खाली आली की पाणी. ऊन फार म्हणून डबे आत, एसीत. एसीत गारठली म्हणून परत बाहेर. भाताची पेज पाजली. एकदा ताकही पाजलं. डबे ताकाचेच होते, त्यांना ओळखीचं वाटेल, असं काहीतरी तेव्हा डोक्यात असावं.

आठवड्याभरात रोपं लांबलचक, बारीक, पांढुरकी झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली तेव्हा ती उजेडाच्या दिशेने अशी वाकली की जणू पळूनच जायचंय. मग काही बुडाशी काळी पडली, दोऱ्यासारखी झाली आणि आडवी झाली. उरलेल्यांची पानं पिवळी. मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी खार चढली.

आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडची एक भाबी राहायची. तिच्या नवऱ्याचं बलदमध्ये, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, हाजींच्या सामानाचं दुकान होतं. मराठी बोलायला मिळावं म्हणून ती वर यायची आणि मी चहा टाकायची. ती डब्यांसमोर उकिडवी बसली.

"ताई, ह्या काय झाडं आजारी पाडायची कंपनी काढलीत?"

"उन्हाने झालंय."

"उन्हाने नाय. तुम्ही जरा ह्यांच्या मानगुटीवरून उतरा बघू."

मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही लावलीयेत का कधी?"

"नाय लावली. म्हणून तर माझी एकही मेली नाय."

ती गेल्यावर मी एक डबा उपडा केला. आतून चिखल निघाला आणि त्याला नासक्या ताकाचा वास. तेव्हा कुठे मला कळलं की मी रोपं वाढवत नव्हते, बुडवत होते. गॅसवर सळई तापवली आणि राहिलेल्या सगळ्या डब्यांच्या बुडाला भोकं पाडली. जी आडवी होऊन काळी पडली होती ती सोडून दिली. जी नुसती लांबुडकी झाली होती ती चमच्याने अलगद उचलून कोरड्या मातीत खोल लावली, पहिल्या दोन पानांच्या खालपर्यंत. पेज बंद, ताक बंद. नळाचं पाणी टँकरचं, त्याची खार मातीवर चढत होती. म्हणून एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी बादलीत धरलं. त्याला कसलीच चव नसते. बोटाचं पेर मातीत घालायचं, आत ओल लागली तर पाणी द्यायचंच नाही, असा नियम केला. सकाळचं कोवळं ऊन तेवढं द्यायचं आणि नंतर वरून जुनी ओढणी बांधायची. हे सगळं मी आता असं सांगते जणू मला येत होतं. तेव्हा मी फक्त आधी जे जे केलं होतं त्याच्या उलट करत होते.

तरीही मी नियम मोडलेच असते. हात शिवशिवायचे. पण त्याच आठवड्यात ह्यांच्या ऑफिसातल्या दोघांना फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागली. दोघंही ह्यांच्याच इतके जुने. एकजण जाताना त्याचा प्रेशर कुकर आणि इस्त्रीचं टेबल आमच्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला होईल." ते टेबल मी दिवाणखान्यात उभं केलं आणि येता-जाता त्याच्याकडे बघत राहिले. पुढचं आपलं टेबल कुणाकडे जाणार, याचा विचार करण्यात माझे बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत मी रोपांना हातसुद्धा लावला नाही.

रोपांना तेवढंच हवं होतं. एक दिवस ओढणी उचलली तर पिवळेपणा गेलेला. मधून नवीन पान आलं होतं, बदामाच्या आकाराचं, हिरवंगार. मग दुसरं आलं. देठावर लाली धरली. कंपनी अजून पिवळी होती, पण माझ्या बाल्कनीतला सौदी हिरवा झाला, असं मी ह्यांना जेवताना म्हटलं. हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून मी तो विनोद पुढे आठवडाभर वापरला.

मग पानं फुटायला लागली. म्हणजे पानांना कापे पडायला लागले. आधी तीन, मग पाच. हाताची बोटं पसरावीत तशी लांब, अरुंद, कडेला बारीक दाते. जितकी झाडं ठणठणीत होत गेली तितकी बोटं स्पष्ट. मला तर कृतकृत्य वाटलं. ती सगळ्यांना दिसावीत म्हणून मी डबे बाल्कनीच्या कठड्यावर मांडले. रस्त्यावरून, समोरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणि कोपऱ्यावरच्या मशिदीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला ती अगदी छान दिसत.

भाबी एका दुपारी आली, कठड्यापाशी गेली आणि चहाचा कप हातात तसाच धरून उभी राहिली.

"ताई, ही पानं मी कुठेतरी बघितलीत."

"अंबाडी आहे. तुमच्याकडे पण होत असेल."

"जेवणात नाय बघितली." तिने कप खाली ठेवला. "माझ्या पोरीने शाळेत चित्र काढलेलं. नशा करू नका म्हणून. बक्षीस आलं तिला. अशीच पाच बोटं होती, अशीच कातरलेली. वर लाल रंगाने मोठी फुली."

"मग?"

"मग काय मग. तुमची फुली राह्यली तेवढी."

मी हसायला लागले. ती हसली नाही. तिने स्वतःच्या हाताने एकेक डबा कठड्यावरून उचलून खाली फरशीवर ठेवला. दारात चपला घालताना म्हणाली, "आमच्या गावचा एक माणूस कुणाचं तरी लोणचं पोचवायला घेऊन आलेला. लोणच्यात काय होतं त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हे ऐकायला इथे कुणाला वेळ आहे, ताई?"

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. वाटलं, हे म्हणतील, त्या भाबीचं काय ऐकतेस. हे बूट न काढता बाल्कनीत गेले, वाकून पान बघितलं, परत आले, सोफ्यावर बसले आणि मग बूट काढले.

"उपटून टाक."

"अहो, अंबाडी आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

"मला माहिती आहे अंबाडी आहे. शिपायाला माहिती आहे का? इकाम्याला तीन आठवडे राहिलेत. या दिवसांत कुणी नुसती तक्रार केली तरी पुरे. खरं-खोटं ठरेपर्यंत मुदत संपेल."

हे कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर मी भांडले असते. मी म्हटलं, "बरं. उपटून टाकते. पण कुठे टाकू?"

हा प्रश्न मी सहज विचारला होता, पण त्याचं उत्तर दोघांनाही येईना. खालच्या कचऱ्याच्या पेटीत टाकायची तर मांजरं पिशव्या फाडून सगळं रस्त्यावर पसरतात. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, पेटीतून पुठ्ठे वेगळे काढतो, त्याच्या हाताला लागणार. संडासात टाकली तर तुंबणार आणि प्लंबर येणार. हे म्हणाले, "जाळली तर?" मग स्वतःच म्हणाले, "नको. धूर." समुद्रावर नेऊन टाकायची तर गाडीतून न्यायला हवी, आणि वाटेत पोलिसांचा नाका. ज्या झाडांना जगवायला मी जीव टाकला होता, त्यांची आता विल्हेवाट लागत नव्हती.

शेवटी हेच म्हणाले, "खाऊन टाकू."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळी पानं खुडायची आणि भाजी करायची असं ठरलं. शराफियातल्या भारतीय दुकानातून मी ज्वारीचं पीठ आणलं. आता आणलीच आहे तर भाकरी पण होऊ दे. भीती वाटत असताना मला भाकरीचं सुचत होतं, ही त्या बाईची एक गोष्ट मला अजून आवडते.

शुक्रवारी दुपारी मी निम्मी पानं खुडली होती, परात भरली होती, कुकरची शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं. बाहेर कंपनीचा मुअक्किब.

मुअक्किब म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारा माणूस. हे काम सौदी माणसानेच करायचं असतं. कंपनीने रंग बदलावा म्हणून जी सौदी माणसं नव्याने घेतली होती, त्यांतलाच हा एक. चाळिशीचा, जाडजूड, हातात जपमाळ. लहानपणापासून आमच्याकडचे ड्रायव्हर आणि दुकानदार ऐकून हिंदी बोलायचा, त्याला आवडेल तशी. दारातच त्याने ह्यांना मिठी मारली.

"मबरूक, मबरूक. कंपनी आज से अखदर. ग्रीन. इकामा दो, मेडिकल का कागज दो. कल सुबह सबसे पहले मैं जवाजात का ऑफिस जाएगा, भीड से पहले."

कंपनी हिरवी झाली होती. ही बातमी मी स्वयंपाकघरात, अंबाडीच्या परातीसमोर उभी राहून ऐकली. आनंद झाला का, आठवत नाही. मी परातीवर ताट झाकलं, एवढं आठवतं.

हे कागद आणायला आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात मुअक्किबचा फोन वाजला. दिवाणखान्यात आवाज नीट येईना म्हणून तो बोलत बोलत बाल्कनीचं दार उघडून बाहेर गेला. बाल्कनीत अजून निम्मी झाडं पानांसकट होती, पाचही बोटं पसरून.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. फोनवरचं बोलणं चालू होतं. मग ते हळू झालं. मग "तय्यिब, तय्यिब" म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि तो तसाच उभा राहिला. खाली बघत.

यानंतर मी जे केलं ते ठरवून केलं असं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आले. तसं काही नव्हतं. मी खुंटीवरचा अबाया, बाहेर जाताना घालायचा काळा झगा, अंगावर ओढला, तोही उलटा, शिवण बाहेर. बाल्कनीच्या दारात गेले. त्याने वळून बघितलं.

"एश हादा, खाला?" हे काय आहे, असं त्याने अगदी शांतपणे विचारलं.

मला अरबी येत होतं ते टोमॅटो-बटाट्यापुरतं. हिंदी बरं येत होतं, पण त्या क्षणी तेही येईना. मी वाकले, एका झाडाची दोन पानं तोडली आणि त्याच्यासमोर कचाकचा चावून खाल्ली. कच्ची अंबाडी किती आंबट असते हे मी विसरले होते. माझा एक डोळा आपोआप मिटला. तरी मी चावतच राहिले.

हे कागद घेऊन दारात आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: बायको उलटा अबाया घालून, एक डोळा मिटून, पाला खातेय, आणि समोर ज्याच्या हातात आपला इकामा जायचा आहे तो माणूस उभा आहे.

"भाजी," मी एकदाची म्हणाले. "सब्जी. खट्टा."

मुअक्किबने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की देवाला हात जोडता येत नव्हते म्हणून, ते मी पुढे कधी विचारलं नाही. मुअक्किबने स्वतः एक पान तोडलं. ते उलटसुलट करून बघितलं, हुंगलं, आणि तोंडात घातलं. मग त्याचाही डोळा मिटला.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

त्याला जेवायला थांबवण्याशिवाय काही मार्गच नव्हता. बाल्कनीतला पाला हा स्वयंपाकच आहे, हे ताटात दाखवल्याशिवाय कसं पटायचं. मी राहिलेली सगळी पानं खुडली, एकही ठेवलं नाही. शिजवली, पिळली, तुरीची डाळ घालून घोटली आणि वर लसणाची चरचरीत फोडणी दिली. परातभर पाल्याची वाटीभर भाजी झाली. इतके दिवस ज्याला भ्यालो ते सगळं मिळून एवढंसं.

मुअक्किब जेवला. पहिल्या घासाला थांबला, मग भाकरीचा तुकडा मोडून वाटी पुसली. ह्यांच्या वाट्याला दोन चमचे आले. जाताना त्याने कागद लिफाफ्यात घातले, ह्यांचं इकाम्याचं कार्ड वरच्या खिशात ठेवलं, आणि एकदा बाल्कनीच्या दाराकडे बघितलं. मला वाटतं बघितलं. हे म्हणतात बघितलं नाही.

पुढचे दिवस विचित्र गेले. ह्यांच्या खिशात इकामा नव्हता, कंपनीचं नुसतं पत्र होतं. नाका लागेल म्हणून हे ऑफिस सोडून कुठे जात नव्हते. तो माणूस कागद घेऊन जवाजातला, म्हणजे इकाम्याच्या कचेरीला, गेला की आणखी कुठे, हे कळायला वाव नव्हता. त्याचा फोन लागे, पण हे लावत नव्हते.

"त्याने पान खाल्लं की," मी म्हणायचे.

"खाल्लं म्हणजे काय झालं?"

"खाल्ल्यावर कळलं असेल ना."

"त्याला काय माहिती, दुसरं कसं लागतं ते?"

हे मला सुचलंच नव्हतं.

खुंट उरले होते, नुसत्या काड्या. मी ते उपटायला घेतले तर ह्यांनी थांबवलं. "राहू दे. त्याने बघितलंय. आता नाहीशी केलीस तर लपवल्यासारखं दिसेल."

म्हणजे जी झाडं उपटून टाकायची होती ती आता जगायलाच हवी होती. नुसती जगून भागणार नव्हतं, फुलायला हवी होती. कारण अंबाडीचं फूल मोठं, फिकट पिवळं असतं, मध्ये जांभळा ठिपका; ते बघून कुणी तिला गांजा म्हणणार नाही. मी परत बोटाचं पेर मातीत घालायला लागले. एसीचं पाणी, सकाळचं ऊन, ओढणी. हात शिवशिवले की दिवाणखान्यातल्या इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची आणि इस्त्री केलेल्याच कपड्यांना परत इस्त्री करायची. भाबी एकदा येऊन बघून गेली. काड्यांकडे बघून म्हणाली, "आता बरी दिसतात. अशीच ठेवा."

काही खुंट वाळले. तिघांना मात्र कडेने डोळे फुटले. त्यांतून जी पानं आली ती लहान आणि अरुंद होती, त्यांतली काही तर बिनबोटांची. शेंड्याला कळ्यांसारखं काहीतरी दिसायला लागलं. फूल पुढे खरंच आलं, सकाळी उमललं आणि दुपारी मिटलं. पण ते नंतर. तेव्हा दाखवायला हातात काहीच नव्हतं.

मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असताना, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर, बेल वाजली. हे स्वतः उठले. मुअक्किब दारातच उभा होता, आत यायला तयार नव्हता, खाली गाडी चालू ठेवून आला होता. त्याने वरच्या खिशातून नवीन कार्ड काढून ह्यांच्या हातात दिलं. वर्षभराची मुदत. मुलाची परीक्षा त्यात बसत होती. ह्यांनी कार्ड दिव्याखाली धरून तारीख वाचली, मग परत वाचली, आणि कार्ड माझ्याकडे दिलं.

मी पडद्याआडून त्याला शुक्रिया म्हटलं. चहा घेऊन जा म्हटलं. त्याने नको म्हणून हात हलवला, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला, मग थांबून वर बघितलं आणि म्हणाला, "खाला, भाजी मजबूत. लेकिन बाल्कनी में कपडा लगाओ. सब आदमी तुम्हारा भाजी नहीं खाया."